पान क्रमांक

निवृत्तीच्या समारंभात कुणीतरी पडद्यावर माझा आलेख दाखवला.
चढत गेलेली रेघ, शेवटाला आकडा:
तीन हजार एकशे सात वेळा उद्धृत.
टाळ्या झाल्या. मग नारळ, आणि शालीच्या जागी चादर
(सोलापुरात दुसरं काय देणार),
मोरांची, लाल-पांढरी, अजून खळीचा वास असलेली.

त्या रेघेकडे बघताना सवयीनं मनात आलं,
इथं टोक नाही, संथ लाट नाही,
दोन्ही बाजू सारख्या.
नॉर्मल आहे. सोडा घरी.

त्यातले निम्मे आकडे एकाच निबंधाचे.
मुलांची आकडी, दोन औषधं, एकशे बेचाळीस मुलं, अठरा महिने.
सिव्हिलमधली खोली नंबर नऊ,
पंख्याचं एक पातं वाकडं,
बाहेर व्हरांड्यात आया बसलेल्या, मराठी, कानडी, तेलुगू बोलत,
पदरात नाकाशी धरायला आणलेला कांदा.
कांदा नको, कुशीवर वळवा, घड्याळ बघा,
हे मी तिन्ही भाषांत शिकले. बाकी काही नाही आलं.

प्रत्येकीला वही दिली होती.
फीट आली की तारीख, वेळ, किती मिनिटं.
विडी घरकुलातली बालामणी कोडम वही घेऊन परत आली. कोरी.
"लिवाला येत नाय मला," म्हणाली,
आणि पिशवीतून काढली एक जुडी,
तेंदूची पानं, विडीच्याच दोऱ्यानं बांधलेली.
दिवसाची फीट म्हणजे अख्खं पान.
रात्रीची, अर्धं कापलेलं.
पोराची चड्डी ओली झाली असेल तर पानाला एक टोचा.
महिन्याला एक जुडी.
पहिली मनगटाएवढी. सहावीत चार पानं.
मी मोजली. तिनं मोजली.
माझी दोन चुकली होती.
दिवसाला हजार विड्या वळणारीशी
मी मोजणीत कशाला पैज लावावी.

निबंधात मी लिहिलं, 'पालकांनी ठेवलेल्या नोंदींवरून'.
तीन शब्द.
पान छापलं गेलं, क्रमांक चारशे बारा.
तिथून ते कुणी ओस्लोत उचललं, कुणी लिमात,
टक्का होऊन दुसऱ्याच्या तक्त्यात बसलं,
तिथून आडव्या काडीवरचा एक चौकोन झालं,
आणि सगळ्या चौकोनांच्या तळाशी
असतो तसला एक चपटा हिरा.
नरसिंग कोडम त्या हिऱ्यात कुठंतरी आहे.
त्याला सांगितलं तर हसेल. तो टॉवेलांना गोंडे बांधतो,
माग चालवायचा नाही, हे त्यानं ऐकलं माझं.

तक्त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ आहे,
पाठपुराव्यातून गळालेले: नऊ.
ही ओळ कुणीच उद्धृत केलेली नाही.
दोघं भिवंडीला गेले, बापाच्या मागांमागे.
एकीचं पंधराव्या वर्षी लग्न, सासरी कळू नये म्हणून गोळ्या बंद.
अक्कलकोट रस्त्यावरच्या एकाला एस.टी.चं भाडं परवडेना,
ते मला दोन वर्षांनी कळलं, कंडक्टरकडून.
चौघांचं माहीत नाही.
आणि एक, कंबर तलावाच्या काठाला,
गुडघाभर पाण्यात.
मी लिहिलं: गळालेले.
फळासारखं. किंवा नळासारखं.
तेव्हा दुसरा शब्द सुचला नाही. आजही नाही सुचला.

रात्री घरी आल्यावर डबा काढला.
तीस वर्षांची पानं, हात लावला की चुरा होतो.
फोन वाजला. तीन हजार एकशे आठ.
मी जुड्या ओळीनं लावत होते.
चौदाव्या महिन्याची हातात आली,
तेव्हा वाटलं होतं, ही पानं विसरली.
नुसता दोरा. काही नसलेल्याभोवती
दोनदा फिरवून, घट्ट गाठ.
टेबलावर ठेवून म्हणाली होती, "घ्या, लिवा."